काटो खंय आसा?

गणपती गेले आणि आमच्या घरात पुन्हा मासे आले. श्रावण लागल्यापासून आईच्या बोलण्यात जी एक बारीक चिडचिड असते ती पहिल्या बांगड्याबरोबर निघून जाते, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये चाळीस वर्षं काढूनही ती मासे कापायला ओट्याशी उभी राहत नाही. बाल्कनीच्या दारात वर्तमानपत्र अंथरते, त्यावर आडाळो, म्हणजे विळी, ठेवते आणि एका पायाने तो दाबून बसते. त्या रविवारी तिच्यापुढे आठ बांगडे होते. बांगड्याच्या शेपटीकडे वरच्या अंगाला पाच आणि खालच्या अंगाला पाच असे अगदी चिमुकले पर असतात. बाकी कुणी ते तसेच ठेवेल, आई ठेवत नाही. पात्यावर शेपटी टेकवून एकदा वरून, एकदा खालून अशी सर्रकन ओढते आणि दहाच्या दहा पर कागदावर पडतात. मग कल्ले, मग पोट. हे सगळं करताना ती माशाकडे बघतही नाही, टीव्हीवरची मालिका ऐकत असते.

तेवढ्यात माझा भाचा मोबाइल घेऊन तिच्या तोंडापुढे बसला. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे सध्या त्याला जगातलं सगळं दुसऱ्यांना दाखवायचं असतं. “आजी, हा मासा खरा की खोटा सांग.” पडद्यावर एक पांढरट, हातभर लांबीचा मासा प्रवाळांवरून शेपूट हलवत चालला होता. आजूबाजूला छोटे मासे होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी खुर्चीतून वाकून बघितलं. मला तो ठीक वाटला. आईने मनगटाने केस मागे सारले, डोळे बारीक केले आणि दोन सेकंदांत निकाल दिला, “खोटो.” भाचा हिरमुसला. कसं ओळखलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “हलता कसो तो बघ. ह्येका काटो खंय आसा? काटो नाय तर मासो कसलो?” आणि पुढचा बांगडा उचलला.

मी तो व्हिडिओ नंतर तीनदा पाहिला. मला काही दिसलं नाही.

पण ते डोक्यातून जाईना. मी बावीस वर्षं कोल्हापुरात पंपांच्या धंद्यात आहे. बोअरच्या मोटरी जोडणं, उघडणं, जळल्या की का जळल्या ते शोधणं, हेच काम. यंत्र पाण्यात बुडवायचं म्हणजे काय, हे मला कळायला हवं आणि माशाच्या पोटात काय असतं ते आईला. इथे मात्र तिने यंत्र ओळखलं आणि मी मासा समजून बसलो. परतीच्या गाडीत मी त्या माशाची माहिती शोधायला लागलो आणि कराड कधी मागे गेलं ते कळलं नाही.

त्याचं नाव सोफी. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात रॉबर्ट कॅट्शमन, डॅनिएला रस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला आणि फिजीच्या रेनबो रीफवर नेऊन पोहवला. मार्च २०१८ मध्ये त्यावरचा लेख ‘सायन्स रोबोटिक्स’मध्ये आला. पन्नास फुटांहून खोल तो जायचा आणि एका दमात चाळीस मिनिटं पोहायचा. आत एक छोटा पंप आहे (हे वाचल्यावर मी सावरून बसलो). सिलिकॉनच्या शेपटीत डावी-उजवीकडे दोन पोकळ्या असतात आणि पंप आळीपाळीने त्यांत पाणी ढकलतो. डावीकडची फुगली की शेपूट उजवीकडे वळते, उजवीकडची फुगली की डावीकडे. पाणबुड्या त्याच्या मागे राहून त्याला हाकतो आणि हाकायला जे वापरलंय ते आहे सुपर निन्टेंडो या जुन्या व्हिडिओ गेमचं कंट्रोलर, पाणी शिरू नये म्हणून बंदिस्त केलेलं. रेडिओलहरी पाण्यात फार जात नाहीत, म्हणून हुकूम जातात ते आवाजाने, आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या.

पण मला खरी मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माशाच्या डोक्यात जी इलेक्ट्रॉनिक्सची जागा आहे, तिच्यात त्यांनी बेबी ऑइल भरलंय. लहान मुलांना चोळतात ते. खोल गेल्यावर दाब वाढतो आणि हवा असेल तर ती आक्रसते, डबा चेपतो. तेल आक्रसत नाही. हे वाचून मी गाडीत एकटाच हसलो, कारण हे आमच्याकडचं ज्ञान आहे. बोअरची मोटर शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल, ऑइल फिल्ड की वॉटर फिल्ड, म्हणजे तेल भरलेली की पाणी भरलेली. दोनशे-तीनशे फूट पाण्याखाली जी मोटर वर्षानुवर्षं पडून राहते ती आतून कोरडी नसते, भरलेली असते. बाहेरचं पाणी जेवढं रेटतं तेवढंच आतलं परत रेटतं, मग सीलवर ताण कसला येणार?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक मोटर जाळली होती. वॉटर फिल्ड होती. ती उभी करून, वरचे दोन्ही बूच काढून, स्वच्छ पाणी ओतायचं, मग शाफ्ट हाताने फिरवायचा, मोटर थोडी हलवायची, बुडबुडे येतात, पुन्हा पाणी ओतायचं, पुन्हा फिरवायचा. बुडबुडे थांबेपर्यंत. मला दुपारच्या जेवणाची घाई होती. दोन वेळा फिरवला, बूच लावले. आत कुठेतरी वाटीभर हवा राहिली. टेस्टिंगला लावल्यावर शाफ्टचा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला पाणी मिळालं नाही आणि तो जळका वास सगळ्या शेडमध्ये पसरला. आमचे फोरमन, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ओरडले नाहीत. त्यांनी मोटर उघडून काळं पडलेलं बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “पाण्यानं काय बी होत नाही रे. पोकळी ठेवलीस तिनं घात केला.”

आईचा काटा आणि अण्णांची पोकळी, या दोन गोष्टी एकाच ठिकाणी येऊन भेटतील असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

कारण काट्याच्या बाबतीत आईचं म्हणणं अर्धंच बरोबर निघालं. सोफीच्या शेपटीत त्या दोन पोकळ्यांच्या मधोमध एक उभा पडदा आहे. वाकतो, पण ताणला जात नाही. तो नसता तर पाणी भरल्यावर शेपूट फुग्यासारखी नुसती फुगली असती, वळली नसती. म्हणजे काटा आहे. मणक्यामणक्यांचा नाही, पट्टीसारखा एकच आहे, पण फुगण्याचं वळण करतो तो तोच. बांगडा खाल्ल्यावर मधला काटा अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवतो तेव्हा त्याच्याकडे आपण कधी नीट बघतो का? किती तुकड्यांचा असतो आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती थोडं वळू देतो! खऱ्या माशाची लाट डोक्याकडून निघून शेपटीपर्यंत वाढत वाढत जाते. आईला बहुधा तेच खटकलं असणार. पन्नास वर्षं ती त्या काट्यावरून बोट फिरवत आलीय.

माशाची नक्कल करणाऱ्यांनी सुरुवात केली होती ती मात्र काट्यापासूनच. १९३६ साली जेम्स ग्रे नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने हिशेब मांडला की डॉल्फिन ज्या वेगाने पोहतो त्या वेगाला त्याच्या स्नायूंची ताकद पुरायलाच नको, सातपटीने कमी पडते. पुढे कळलं की ग्रेसाहेबांनी डॉल्फिनची ताकदच कमी धरली होती, पण त्या चुकीच्या गणिताने लोकांना साठ वर्षं कामाला लावलं. एमआयटीतच मायकेल ट्रायंटाफिलू यांच्या गटाने १९९०च्या दशकात चार फुटी कृत्रिम टूना केला, आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात तो. आत सांध्यासांध्यांचा कणा, फासळ्या, ओढायला सहा मोटरी आणि वरून लायक्राचं कातडं, पोहण्याच्या कपड्याचं. आणि हा मासा मोकळा सुटलेला नव्हता. टाकीवरच्या गाड्याला टांगलेला होता, त्याला ओढत नेऊन मोजमापं घ्यायची. मला त्याचा फोटो पाहून जरा वाईट वाटलं. एवढा कणा आणि जायला कुठेच नाही.

मग माशासारखं पोहायचंच कशाला, पंखा काय वाईट, असं धंद्यातला माणूस म्हणून मी आधी म्हणालो असतो. पंखा वाईट नाहीच. पण मालवणच्या खाडीत ओहोटीला ज्याने होडीचं इंजिन चालू केलंय त्याला माहीत आहे, एका मिनिटात गाळ उठतो आणि हात पाण्यात घातला तर बोटं दिसत नाहीत. बुडालेल्या जहाजाच्या आत कॅमेरा न्यायचा तर हीच अडचण. एस्टोनियात, टॅलिनच्या तंत्रविद्यापीठात, त्यासाठी चार वल्ह्यांचं एक कासव केलं, यू-कॅट त्याचं नाव. कासव गाळ उडवत नाही. तसा सोफीही माशांना दचकवत नाही. म्हणजे वेग हा हेतूच नाही. आपण तिथे आहोत हे कुणाला कळू नये, एवढंच हवं आहे.

हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला. कुणाला कळू नये, ही इच्छा जीवशास्त्रज्ञाची असते तशी आणखीही कुणाकुणाची असते. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, सीआयएने, १९९०च्या दशकातच एक शिंगाळ्याच्या जातीचा मासा बनवला होता, पाण्याचे नमुने आणायला. त्याचं नाव चार्ली. आता तो त्यांच्या संग्रहालयात आहे. २०१४ मध्ये तिथल्या नौदलाने पाच फुटी ‘घोस्टस्विमर’ पोहवून पाहिला, तोही टूनाच्याच घाटाचा. मासळीबाजारात आई कल्ला उघडून लाल आहे की नाही बघते, अंगावर बोट दाबून बघते, मगच पैसे काढते. समुद्रात हे कोण बघणार?

काटा पूर्ण गेला तो चीनमध्ये. चच्यांग विद्यापीठातल्या लोकांनी मार्च २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात जो मासा जगापुढे आणला त्यात हाड नाही, पोकळी नाही, धातूचा डबा नाही. अंग आणि शेपूट मिळून लांबी २२ सेंटिमीटर, दोन पंख पसरले की रुंदी २८. पंखांत लवचीक पटलं आहेत, विजेचा दाब दिला की ती पसरतात, काढला की आक्रसतात, आणि पंख हलतात. हा मासा लँडरला, म्हणजे समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या यंत्राला, बांधून पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत, समुद्राच्या सगळ्यांत खोल खड्ड्यात, १०,९०० मीटरवर उतरवला आणि तिथे त्याने पंख हलवले. दक्षिण चीन समुद्रात ३,२२४ मीटरवर त्याला मोकळा सोडला, तर तो पोहला, सेकंदाला पाचेक सेंटिमीटर. बांगडा यावर हसेल. पण मारियानाच्या तळाशी दाब आपल्या हवेच्या हजारपटीहून जास्त असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर टनभर वजन, आणि तेही सगळ्या बाजूंनी. तिथे पंख हलवायचे!

हे जमलं कसं, तर त्यांनी एका खऱ्या माशाकडे पाहिलं. गोगलगायीसारख्या मऊ अंगाचा म्हणून त्याला स्नेलफिश म्हणतात. मारियाना गर्तेत तो आठ हजार मीटरपर्यंत राहतो. फिकट गुलाबी, अंगातून आतलं दिसेल असा, खवलं नाहीत. त्याची कवटी पूर्ण मिटलेली नसते, हाडांच्या मध्ये जागा सुटलेली असते. हाडं कडक करण्याच्या कामातला त्याचा एक जनुकच बिघडलेला आहे, त्यामुळे सांगाडा बराचसा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा. वर आपल्याकडे या बिघाडाला आजार म्हटलं असतं. चीनच्या लोकांनी तोच बिघाड उचलला. सर्किटचे सगळे भाग एका पाटीवर दाटीने बसवले की दाबाखाली त्यांच्या सांध्यांवर ताण येतो. त्यांनी भाग सुटे केले, एकमेकांपासून लांब ठेवले आणि मऊ सिलिकॉनमध्ये बुडवून टाकले. कवटी उघडी ठेवली म्हणा ना.

पोकळी ठेवली नाही. अण्णा असते तर त्यांनी मान डोलावली असती.

आपण मात्र पोकळीशिवाय खाली जाऊ शकत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य ६०००’ तयार होतंय, तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी. नावात मासा आहे, पण आत आहे टायटॅनियमचा गोळा, २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा. जाडी एवढी का, तर आत हवा हवी, आणि ती आपल्या घरातल्या दाबाचीच हवी. छाती, कान, नाक, सगळीकडे आपण पोकळ. माणूस म्हणजे मुळातच पाणी भरायला विसरलेली मोटर. मला त्या गोळ्याचा अभिमान वाटतो, वेल्डिंगचं काम काय असतं ते मला माहीत आहे. पण सिलिकॉनची ती २२ सेंटिमीटरची चिंधी आणि हा टनावारी गोळा मनात शेजारी ठेवले की हसूही येतं.

एक गोष्ट भाच्याला सांगितली नाही. कॅलिफोर्नियातले जॉन डाबिरी आणि निकोल शू यांनी नक्कल करण्याचा खटाटोपच सोडून दिला. त्यांनी जिवंत जेलीफिश घेतला, त्याच्या छत्रीत छोटी बॅटरी, सर्किट आणि विजेची दोन टोकं बसवली, आणि ठरावीक लयीत त्याला झटके दिले. २०२० मध्ये त्यांनी छापलं की तो जवळजवळ तिप्पट वेगाने पोहला आणि ऊर्जा लागली फक्त दुप्पट. म्हणजे त्याला याहून जोरात आणि याहून काटकसरीने पोहता येत होतं, तो पोहत नव्हता. इंजिनियर म्हणून मला हे फार आवडलं. एवढ्या थोड्या विजेवर चालणारं यंत्र आम्हाला कुणालाच जमलेलं नाही. जेलीफिशला मेंदू नाही, वेदना कळायची सोय नाही, ताण आला की तो चिकट स्राव सोडतो आणि तो तसा काही सोडत नव्हता, यंत्र काढल्यावर पूर्वीसारखा पोहायला लागला, हे सगळं त्यांनी तपासलं, लिहिलं. मी ते वाचलं आणि पटलंही. तरी रात्री झोपताना त्याची मूळची संथ चाल डोळ्यांपुढे येत राहिली. त्याला घाई नव्हती. घाई आपल्याला होती. आणि मी सकाळी पोटभर पापलेट खाऊन ही हळहळ करतोय, हेही त्याच वेळी कळत होतं.

पुन्हा डोंबिवलीला जाणं झालं ते दिवाळीनंतर. आईने बोंबील आणले होते. मालवणात लहानपणी बोंबील आमच्या घरी क्वचितच यायचा, तो इकडच्या, वरच्या समुद्राचा मासा. पण मुंबईने तिला तो शिकवला आणि आता ती त्यावर मालवणातल्यांपेक्षा जास्त मालवणी हक्क सांगते. ओला बोंबील हातात घेतला तर धरवत नाही. काचेसारखा, गिळगिळीत, अंगात मासापेक्षा पाणीच जास्त, आणि काटा असा मऊ की तळल्यावर तो आहे हे कळतही नाही. आईने ते चिरून उघडले, मीठ लावलं, ताटात धुतलेल्या जुन्या पंचाच्या दोन घड्यांमध्ये ओळीने निजवले, वर पोळपाट उपडा घातला आणि पोळपाटावर वरवंटा ठेवला. अर्धा तास. ताट किंचित कलतं होतं आणि कडेला पाणी जमायला लागलं होतं, गढूळसर, मिठाचं.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि तिला स्नेलफिश सांगितला. फोटो दाखवला. खोल किती, तर डोंबिवलीहून कल्याणच्याही पलीकडे जाईल एवढं सरळ खाली. वर वजन किती. आणि हाड जवळपास नाहीच. ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. सोफीला दोन सेकंद दिले होते, याला जास्त दिले.

“मगे बोंबील म्हण ना,” ती म्हणाली.

भाचा म्हणाला, आजी, बोंबलावर एवढं वजन ठेवलंस तर त्याची चटणी होईल. तिने त्याच्याकडे, मग वरवंट्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मी सांगावं, की हा दाब एका बाजूने आहे, खाली पंचा आहे, पाण्याला जायला वाट आहे, म्हणून बोंबील चपटा होतो. तिथे खाली चहूबाजूंनी पाणीच असतं, माशाच्या आत पाणी आणि बाहेर पाणी, जायला जागाच नाही, म्हणून तो चपटा होत नाही. मी तोंड उघडणार तोच तिने विचारलं, “आणि त्येच्या अंगातला पाणी खंय जाता?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं. “आतल्या आतच राहतं.”

तिने वरवंटा उचलला, पोळपाट काढला, पंचाची घडी उलगडली. बोंबील कागदासारखे चपटे झाले होते. त्यातला एक बोटांत धरून तिने उजेडाकडे केला, पाणी गेलंय की नाही ते बघायला, आणि म्हणाली,

“मगे तो तळूचो कसो?”